हरणाच्या शिकारीतील रायफल-गोळी आणि मांसहानी

हरीण झटकन मरावे आणि त्याचे खाण्याजोगे मांस कमीत कमी वाया जावे, या दोन्ही गोष्टी साधण्यासाठी शिकारी काडतूस, गोळीची घडण, तिचा वेग आणि नेमाची जागा यांची जी निवड करतो, तिचा विचार या नोंदीत केला आहे. उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची आणि युरोपात रो (लहान चणीचे हरीण) व तांबड्या हरणाची परवान्याने शिकार होते. तिथे वर्षभराचे मांस फ्रीझरमध्ये भरून ठेवणारी कुटुंबे आहेत, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या स्वयंपाकघराशी थेट जोडलेला आहे.

मराठीत ‘गोळी’ हा शब्द सैलपणे दोन्हींसाठी वापरतात. इथे काडतूस म्हणजे पितळी कोश, ठिणगी देणारी टोपी, दारू आणि गोळी मिळून झालेली अखंड वस्तू, आणि गोळी म्हणजे नळीतून सुटून जनावराला लागणारा धातूचा तुकडा. गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. १५० ग्रेन म्हणजे सुमारे ९.७ ग्रॅम.

मांस खराब होते ते गोळीने पाडलेल्या भोकामुळे नव्हे. ते भोक बोटभर रुंदीचे असते. वेगवान गोळी स्नायूतून जाताना आजूबाजूचे मांस क्षणार्धात बाहेर ढकलते आणि एक तात्पुरती पोकळी तयार होते. ती लगेच मिटते, पण तेवढ्यात बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त स्नायूंच्या पडद्यांमध्ये दूरवर शिरते. कातडी सोलल्यावर तिथे काळपट, लिबलिबीत, रक्त साकळलेले मांस दिसते. ते कापून टाकावेच लागते. गोळीचे आणि मोडलेल्या हाडाचे तुकडे स्वतंत्र वाटा काढत गेले, तर ही हानी आणखी पसरते.

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून इथे मुख्य गुन्हेगार वेग आहे. गोळीची जाडी त्या मानाने गौण ठरते. नवख्याला वाटते की जाड गोळी जास्त नासधूस करत असेल. अनुभव उलट आहे. १८९५ साली बाजारात आलेले .३०-३० विंचेस्टर हे काडतूस १७० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २,२०० फूट वेगाने सोडते. तिने मारलेल्या हरणाचे मांस भोकाच्या काठापर्यंत खाता येते, असे जुने अमेरिकी शिकारी सांगत. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच. १९२५ चे .२७० विंचेस्टर १३० ग्रेनची, म्हणजे हलकी आणि बारीक गोळी ३,००० फुटांहून अधिक वेगाने फेकते. हीच गोळी जवळून खांद्याच्या हाडावर बसली, तर अख्खा फरा, म्हणजे खांद्याचे मांस, हातचा जातो. अडीचशे यार्डांवर पोहोचेपर्यंत तिचा वेग बराच उतरलेला असतो आणि नुकसानही कमी होते. म्हणून ‘मांस राखणारे काडतूस कोणते’ या प्रश्नाला अंतर सांगितल्याशिवाय उत्तर नाही. झाडीत पन्नास पावलांवर शिकार करणाऱ्याने १९६२ च्या ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नमसारखे जोरकस काडतूस घेतले, तर तो विकतचा तोटा आहे. .३०८ विंचेस्टर, ७ मिमी-०८ किंवा स्वीडनचे १८९४ पासूनचे ६.५×५५ अशी मध्यम काडतुसे तिथे पुरेशी होतात.

वेगाखालोखाल महत्त्व गोळीच्या घडणीला. साधी शिकारी गोळी म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण, आत शिशाचा गाभा आणि उघडे, मऊ टोक. शरीरात शिरताच टोक अळंबीसारखे फुलते. मध्यम वेगाला ही स्वस्त गोळी हरणासाठी उत्तम आहे. वेग फार असला तर मात्र गाभा आवरणापासून सुटतो आणि तिचा चुरा होतो. याच अडचणीतून जॉन नॉस्लर यांची ‘पार्टिशन’ गोळी आली. १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात चिखलाने माखलेल्या मूस या मोठ्या हरणावर गोळ्या नीट काम करेनात, तेव्हा त्यांनी गोळीच्या मधोमध आवरणाचाच आडवा पडदा ठेवण्याची युक्ती काढली. पुढचा भाग फुलतो, फुटतोही. मागचा भाग शाबूत राहून आरपार जातो. पुढे गाभा आवरणाला जोडून टाकलेल्या गोळ्या आल्या. १९८० च्या दशकात बार्न्स कंपनीने शिसे पूर्ण वगळून अखंड तांब्याची गोळी आणली. तिच्या पोकळ टोकाच्या पाकळ्या उलगडतात आणि तुकडे जवळपास पडत नाहीत, त्यामुळे साकळलेल्या रक्ताचा पट्टा अरुंद राहतो. तिची अट मात्र वेगळी आहे. तांबे शिशाइतके मऊ नसल्याने लक्ष्यावर पोहोचताना वेग सुमारे २,००० फुटांच्या खाली गेला, तर अनेक तांबी गोळ्या नीट उलगडत नाहीत. म्हणून तांबी गोळी शिशाच्या गोळीपेक्षा थोडी हलकी निवडतात, म्हणजे वेग टिकतो. याउलट कोल्ह्यांसारख्या लहान जनावरांसाठी बनवलेल्या पातळ आवरणाच्या गोळ्या हरणावर वापरल्या, तर त्या पृष्ठभागावरच फुटतात. जनावर जखमी होऊन पळते आणि मांसही नासते.

मग न फुलणारी, पूर्ण आवरणाची लष्करी गोळी का वापरू नये? मांस तर तीच सर्वांत कमी नासवते. पण ती सुईसारखी आरपार जाते, ऊर्जा शरीरात सोडत नाही, आणि हरीण तासन्‌तास तडफडत राहू शकते. म्हणूनच अमेरिकेच्या अनेक राज्यांत हरणासाठी ती निषिद्ध आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९९१ चा हरीण कायदा मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी मागतो. इथे एक विचित्र उलटापालट आहे. फुलणारी गोळी कलकत्त्याजवळच्या डमडम शस्त्रागारात १८९० च्या दशकात सैन्यासाठी बनली आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात तिच्यावर बंदी आली. जी गोळी माणसासाठी क्रूर ठरली, तीच हरणासाठी दयेची मानली जाते. किमान जोराचीही अट असते. जर्मनीत रो हरणासाठी १०० मीटरवर १,००० ज्यूल आणि मोठ्या जनावरांसाठी किमान ६.५ मिमी व्यासासह २,००० ज्यूल लागतात. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात सांबरासाठी किमान .२७० इंच व्यास आणि १३० ग्रेन वजन हवे.

काडतुसावर कितीही खल केला तरी नेमाची जागा चुकली, तर सगळे व्यर्थ. पुढच्या पायाच्या किंचित मागे, फासळ्यांमधून फुप्फुसांत गेलेली गोळी सर्वांत शहाणी मानतात. तिथे मांस असते ते फासळ्यांवरचे, पातळ. जनावर पन्नास-शंभर मीटर पळून पडते. मागावरचे रक्त पाहत जायचे, एवढाच त्रास. खांद्याच्या हाडावर मारले तर ते जागीच कोसळते, पण दोन्ही फरे अर्धेअधिक फेकावे लागतात. दाट झाडीत किंवा दुसऱ्याच्या जमिनीच्या कडेला तो सौदा मान्य करावा लागतो. विक्रीसाठी हरणे मारणारे सराईत लोक डोक्यावर किंवा मानेत नेम धरतात. त्यात हरणाचे मांस जवळजवळ सगळे वाचते. हौशी माणसाने त्यांची नक्कल करू नये, कारण इंच-दोन इंच चुकले की जबडा तुटलेले हरीण दिवसेंदिवस उपाशी भटकते. पोटात लागलेली गोळी सर्वांत वाईट. आतड्यातली घाण सर्वत्र पसरते, मग गोळी कितीही महाग असो.

गेल्या दोन दशकांत या निवडीत आणखी एक बाब आली. मारलेल्या हरणांचे क्ष-किरण चित्र घेतले, तेव्हा शिशाचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच दूर आढळले. खिमा करताना ते मांसात मिसळतात. रानात टाकलेल्या आतड्यांतून शिसे गिधाडांच्या पोटात जाते. १९८० च्या दशकात नामशेष होण्याच्या काठावर पोहोचलेल्या कॅलिफोर्निया कॉंडोर या गिधाडाच्या विषबाधेचे ते मोठे कारण ठरले. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या, डेन्मार्कने २०२४ पासून रायफलच्या गोळ्यांतूनही शिसे हटवले. मांस वाचवण्यासाठी घेतलेली तांबी गोळी अशा रीतीने आरोग्यासाठीही घेतली जाऊ लागली.

भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली चितळ, सांबर, भेकर यांची शिकार गुन्हा आहे, त्यामुळे महाराष्ट्रात हा विषय केवळ वाचनापुरता उरतो. परदेशी गेलेल्या चितळाचे मात्र तसे नाही. १८६० च्या दशकात राजा पाचवा कामेहामेहा याला भेट म्हणून ही हरणे हवाई बेटांवर पोहोचली, १९३० च्या दशकात टेक्ससमध्येही आणली गेली, आणि दोन्हीकडे बेसुमार वाढली. टेक्ससमध्ये चितळाला परदेशी जनावर धरले जाते. त्याच्या शिकारीला बंद हंगाम नाही, परवाना असला की वर्षभर मारता येते, आणि त्याचे मांस तिथल्या खवय्यांत सर्वांत चविष्ट हरणमांसांत मोजले जाते.