‘मॅव्हरिक’ जॉन मॅकेन आणि सिनेटमधील मतांची नोंद

एकोणिसाव्या शतकात टेक्सासमधील सॅम्युअल मॅव्हरिक हा जमीनदार आपल्या गुरांना डाग देत नसे. मोकळ्या कुरणात अंगावर कोणाचीच खूण नसलेले वासरू दिसले की लोक त्याला ‘मॅव्हरिक’ म्हणू लागले, आणि पुढे हाच शब्द पक्षाचा शिक्का न मानणाऱ्या राजकारण्यालाही लागला. ॲरिझोनाचे रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांच्या नावाला तो इतका चिकटला की २००८ ची अध्यक्षीय निवडणूक त्यांनी मुख्यतः त्याच्याच बळावर लढवली. त्याच वर्षी २८ ऑगस्टला डेन्व्हर येथे उमेदवारी स्वीकारताना बराक ओबामा यांनी एका आकड्यावर बोट ठेवले: मॅकेन यांनी नव्वद टक्के वेळा तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या बाजूने मत दिले होते. लौकिक खरा की आकडा खरा, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला.

भारतीय वाचकाला हा वादच थोडा अपरिचित वाटेल. आपल्याकडे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. पक्षादेश मोडल्यास सदस्यत्व जाऊ शकते, आणि बहुतेक विधेयके आवाजी मतदानानेच संमत होतात. सिनेटमध्ये मात्र लिपिक वर्णानुक्रमे एकेक नाव पुकारतो आणि प्रत्येकाचा होकार किंवा नकार कायमचा छापला जातो. पक्षाविरुद्ध मत दिल्याने तिथे आसन जात नाही, पण पुढच्या उमेदवारीसाठी ज्यांच्यापुढे जायचे ते पक्षाचेच मतदार असतात, हे कोणीही सिनेटर विसरत नाही.

मॅकेन यांचा लौकिक पोकळ नव्हता. २००० साली, पक्षाचा अध्यक्षीय उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकांत त्यांनी न्यू हॅम्पशायर जिंकले, साउथ कॅरोलायना गमावले, आणि बुश यांच्याकडून पराभूत होऊन ते सिनेटमध्ये परतले. २००१ मध्ये बुश यांच्या पहिल्या मोठ्या करकपातीच्या अंतिम मतदानात विरोध करणारे रिपब्लिकन सिनेटर दोनच होते, लिंकन चॅफी आणि मॅकेन. या कपातीचा लाभ मध्यमवर्गापेक्षा धनिकांच्याच पदरात पडतो, असे त्यांचे म्हणणे होते. २००२ मध्ये, अनेक वर्षे रखडल्यावर, डेमोक्रॅट रस फाइनगोल्ड यांच्यासह आणलेला निवडणूक निधीविषयक कायदा सिनेटमध्ये ६० विरुद्ध ४० मतांनी संमत झाला. २००३ च्या करकपातीलाही त्यांनी नकार दिला, आणि पन्नास-पन्नास अशी कोंडी उपाध्यक्ष चेनी यांना आपल्या निर्णायक मताने फोडावी लागली. २००५ मध्ये कैद्यांच्या छळाविरुद्धची त्यांची दुरुस्ती सरकारचा विरोध असतानाही ९० विरुद्ध ९ मतांनी मंजूर झाली; व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षे युद्धकैदी राहिलेल्या माणसाच्या शब्दाला त्या दिवशी वजन होते.

या पाच वर्षांवरच त्यांचा लौकिक उभा राहिला, असे माझे मत आहे. नव्वद टक्क्यांचा आकडा ‘काँग्रेशनल क्वार्टर्ली’ या नियतकालिकाच्या मोजणीतून आला. अध्यक्षांनी आपली भूमिका स्पष्ट केलेली मतदानेच ती मोजणी विचारात घेते, आणि त्यांत कोणाचाही विरोध नसलेल्या नेमणुकाही करकपातीइतक्याच वजनाच्या धरल्या जातात. म्हणून सरासरीपेक्षा तिच्यातील चढउतार बोलका आहे: २००५ मध्ये मॅकेन यांचा पाठिंबा ७७ टक्के होता, तर उमेदवारीच्या शर्यतीत उतरलेल्या २००७ मध्ये तो ९५ टक्क्यांवर गेला. त्या वर्षी प्रचारामुळे ते निम्म्याहून अधिक मतदानांना गैरहजर होते, हेही सांगायला हवे. ओबामा स्वतः त्याच वर्षी ९७ टक्के वेळा आपल्या पक्षासोबत होते. पण त्यांनी पक्षापासून वेगळे असण्याचा दावा मॅकेन यांच्याइतक्या ठासून केला नव्हता, त्यामुळे मोजपट्टी मॅकेन यांनाच लागली.

दिशा २००६ पासूनच बदलत होती. पूर्वी विरोध केलेल्या करसवलतींना मुदतवाढ देण्याच्या बाजूने त्यांनी मत दिले. आता त्या काढून घेणे म्हणजे करवाढच ठरेल, हे त्यांचे स्पष्टीकरण होते. २०१० मध्ये प्राथमिक फेरीत उजवीकडून कडवे आव्हान उभे राहिले, तेव्हा आपण स्वतःला कधीच मॅव्हरिक मानले नाही, असे त्यांनी एका मुलाखतीत सांगितले. त्याच डिसेंबरमध्ये, लहानपणी अमेरिकेत आणल्या गेलेल्या स्थलांतरितांसाठीच्या विधेयकाची वाट अडवणाऱ्यांत ते होते. याच विषयावरच्या आधीच्या विधेयकाचे ते सहप्रस्तावक राहिले होते. पक्षाच्या मतदारांसमोर जाण्याची वेळ आली की त्यांचा बाणा मवाळ होई, असेच ही नोंद सांगते.

मेंदूच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर ती वेळ पुन्हा येणार नव्हती. २८ जुलै २०१७ च्या मध्यरात्रीनंतर ते लिपिकाच्या मेजासमोर आले, उजवा हात पुढे धरला आणि अंगठा खाली केला. सभागृहात कोणीतरी श्वास रोखल्याचा आवाज आला, आणि ओबामांचा आरोग्य कायदा मोडण्याचा प्रस्ताव ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडला. लोकांच्या स्मरणात हीच मध्यरात्र राहिली. मात्र तीन दिवस आधी, ती चर्चा सुरू करण्यासाठी लागलेल्या मतांत त्यांचेही मत होते. त्या डिसेंबरमध्ये सिनेटने ५१ विरुद्ध ४९ मतांनी करविधेयक संमत केले, तेव्हा त्यांनी होकार दिला. आरोग्य कायद्यातला, विमा न घेणाऱ्यांवरचा दंड, जो जुलैच्या प्रस्तावानेही रद्द होणार होता, तो याच विधेयकाने शून्यावर आणला. दोन्ही सभागृहांच्या एकत्रित मसुद्यावरील अंतिम मतदानाच्या दिवशी ते उपचारांसाठी ॲरिझोनात होते, आणि नोंदीत त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ इतकेच आहे.