कंपायलर पर्याय

सोर्स कोडमधील एक ओळही न बदलता त्यापासून तयार होणाऱ्या प्रोग्रामचा वेग, आकार आणि काही अंशी वर्तनही ठरवण्यासाठी कंपायलरला (सोर्स कोडपासून संगणकावर चालणारा प्रोग्राम तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरला) ज्या सूचना दिल्या जातात, त्यांना कंपायलर पर्याय म्हणतात. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात रस एकच असतो. काहील लवकर उतरवली तर काकवी आणि आणखी आटवली तर गूळ, आणि ती कधी उतरवायची हे गुळव्या ठरवतो. प्रोग्राम बांधणाऱ्याकडेही असाच निर्णय असतो.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या जीसीसी या कंपायलरमध्ये ऑप्टिमायझेशनची, म्हणजे प्रोग्राम अधिक कार्यक्षम करण्याची, पातळी आडवी रेघ, रोमन लिपीतील मोठे ‘ओ’ आणि त्यापुढे अंक अशी लिहितात. काहीच न लिहिल्यास पातळी शून्य धरली जाते. चुका शोधताना ती सोयीची, पण प्रोग्राम संथ चालतो. नेहमीच्या वापरासाठी २ पुरेशी असते. ३ हा अंक नवशिक्यांना हमखास मोहात पाडतो. त्या पातळीने फाइल फुगून प्रोसेसरच्या कॅशेत (त्याच्याजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) मावेनाशी झाली, तर वेग उलट घटतो, म्हणून दोन्ही पातळ्यांवर वेळ मोजल्याशिवाय निवड करू नये.

सर्वांत जपून वापरण्याचा पर्याय ‘फास्ट-मॅथ’ होय. दहाच्या सोळाव्या घातात १ मिळवून तोच घात वजा केला, तर दुहेरी अचूकतेच्या (६४ बिटांत आकडे साठवणाऱ्या) गणितात एवढ्या मोठ्या संख्येतला १ टिकत नाही आणि उत्तर ० येते. हा पर्याय दिल्यावर कंपायलरला आकडेमोडीचा क्रम बदलण्याची मुभा मिळते आणि उत्तर १ येऊ शकते. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एखाद्या फौंड्रीसाठी साच्यातील धातुरस कसा निवतो याचा हिशेब मांडणाऱ्या प्रोग्राममध्ये अशा लाखो बेरजा होतात, तेव्हा वेगाच्या लोभाने हा पर्याय देण्याआधी दोन्ही उत्तरे ताडून पाहणे अत्यावश्यक आहे.

प्रोसेसरचा प्रकार सांगणाऱ्या ‘मार्च’ या पर्यायापुढे ‘नेटिव्ह’ लिहिल्यास कंपायलर ज्या संगणकावर प्रोग्राम बांधला जातो त्याच्याच प्रोसेसरच्या खास सूचना वापरतो. कॉलेजच्या नव्या संगणकावर असा बांधलेला प्रोग्राम कारखान्यातील जुन्या संगणकावर नेला, तर तो ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ एवढेच दाखवून बंद पडू शकतो. त्यामुळे प्रोग्राम जिथे चालणार, त्यांपैकी सर्वांत जुना प्रोसेसर कोणता हे विचारूनच हा पर्याय ठरवावा आणि वापरलेले सर्व पर्याय मेकफाइलमध्ये (प्रोग्राम कसा बांधायचा हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) लिहून ठेवावेत.