जीआय पत्रा आणि इंधनाची टाकी : एका जुन्या समजाचा खुलासा

‘टाकी जीआय (म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याची करा, कधी गंजणार नाही’ हा सल्ला पुण्यात नाना पेठेपासून भोसरीपर्यंत जुन्या गाड्या हौसेने दुरुस्त करणाऱ्यांना आजही दिला जातो. तो चुकीचा आहे. जस्ताचा थर लोखंडाला पाण्यापासून वाचवतो हे खरे, परंतु टाकीत इंधन भरायचे असते. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतील ओलावा शोषते, आणि या ओलसर, किंचित आम्लधर्मी मिश्रणात जस्त झिजून त्याचे क्षार तयार होतात, जे फिल्टरच्या जाळीवर पांढुरका साका होऊन बसतात व पुढे इंजेक्टरची (इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागाची) बारीक छिद्रे बुजवतात. डिझेलमध्येही जस्ताचे साबणासारखे चिकट क्षार बनतात. शिवाय हा पत्रा वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला, तर काही तासांत थंडी वाजून ताप भरतो.

माझ्या मते ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील टिग वेल्डिंगने (टंगस्टनची कांडी व निष्क्रिय वायू वापरून केलेल्या वेल्डिंगने) जोडणे सर्वांत निर्धोक. वजन कमी हवे असल्यास ५०५२ प्रतीचे अॅल्युमिनियम चालते. मात्र वापरलेली टाकी, कितीही रिकामी दिसली तरी, उरलेल्या वाफेमुळे स्फोट होऊ शकतो म्हणून घरी कधीही वेल्डिंगला घेऊ नये.