पक्ष्यांच्या आवाजाची उत्क्रांती

पक्ष्यांच्या हाका, इशारे आणि गाणी जातीजातींत वेगळी कशी होत गेली, याचा हा विषय. पक्ष्याचा आवाज माणसासारखा गळ्यातल्या स्वरयंत्रातून येत नाही. श्वासनलिका छातीत जिथे दुभंगते, तिथल्या शब्दिनी या इंद्रियातून तो निघतो. अंटार्क्टिकातल्या वेगाविस या पाणपक्ष्याच्या जीवाश्मात शब्दिनी असल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. तो पक्षी ६.६ कोटी वर्षांहून जुना.

आवाज उपजत असतो किंवा शिकलेला. पावशाचे पिल्लू सातभाईंच्या घरट्यात वाढते, त्यांचाच कलकलाट ऐकते; तरी मोठे झाल्यावर ‘पेर्ते व्हा’च म्हणते. असा आवाज जनुकांबरोबरच बदलतो, म्हणजे सावकाश. गाणारे पक्षी, पोपट आणि हमिंगबर्ड मात्र ऐकून शिकतात. शिकताना चुका होतात, पुढची पिढी त्या चुकाही गिरवते आणि बोली तयार होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या पांढऱ्या टोपीच्या चिमण्यांच्या बोली पीटर मार्लर यांनी नोंदवल्या आहेत.

बोलीतून नवी जात कशी फुटू शकते, हे हिरवट पर्णवटवट्यात दिसते. मूठभर अंगाचा, नजरेत न भरणारा हा पक्षी तिबेटच्या पठाराभोवती हातातल्या कड्यासारखा पसरला आहे. पठारावर झाडी नाही, म्हणून तो कडेकडेने राहतो. हिमालयात त्याचे गाणे आखूड आणि साधे. तिथून एक शाखा पश्चिमेने, दुसरी पूर्वेने उत्तरेकडे जाते. दोन्हींचे गाणे लांबत आणि गुंतागुंतीचे होत जाते, पण निरनिराळ्या तऱ्हेने. मध्य सायबेरियात शाखा पुन्हा भेटतात तेव्हा एकीचे गाणे ध्वनिमुद्रणातून ऐकवले, तर दुसरीचा नर त्याला प्रतिस्पर्धी मानतच नाही. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत फरक थोडाच; कड्याची दोन टोके मात्र परकी. क्लॉड टाइसहर्स्ट यांनी १९३८ मध्ये मांडलेल्या या कल्पनेला डॅरेन अर्विन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये गाणी व जनुकांचा आधार दिला. २०१४ च्या जनुकीय अभ्यासात मात्र कडे पूर्वी मधेमधे तुटलेले होते आणि टोकांमध्ये थोडा संकरही झाला आहे, असे दिसले. पाठ्यपुस्तकातले चित्र जरा जास्तच गोलगरगरीत होते म्हणायचे.

चोच आणि वस्तीही आवाज घडवतात. गॅलापागोस बेटांवरच्या जाड चोचीच्या फिंचना वेगवान लकेरी जमत नाहीत. दाट रानात पानांवर आदळून सूर विस्कटतात, म्हणून तिथे संथ, खालच्या पट्टीतले आवाज बरे टिकतात. कधी उलटेही घडते, आवाज वेगळे होण्याऐवजी सारखे होतात: ससाणा दिसला की परस्परांशी दूरचे नाते असलेले कित्येक छोटे पक्षी सारखाच बारीक, उंच, लांबट ‘सीऽऽ’ काढतात, कारण तो कुठून आला हे ताडणे शिकाऱ्याला अवघड जाते.

हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या आमराया-बागांत येणारे पर्णवटवटे पश्चिम शाखेचे. इथे बहुधा त्यांची दोन अक्षरी ‘चिस्ली’ हाकच कानी पडते.