तापाला आवर घालणारा मेंदू

ताप वाढू लागला की तो असाच चढत राहील आणि ‘डोक्यात जाईल’, अशी धास्ती घरातल्या माणसांना वाटते. ही धास्ती समजण्यासारखी असली, तरी जंतुसंसर्गाचा ताप सहसा ४१ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे सुमारे १०६ अंश फॅरनहाइटच्या पलीकडे जात नाही. कारण जो मेंदू ताप चढवतो, तोच त्याला आवरतही असतो.

जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ यांसारखी प्रथिने सोडतात. त्यांच्या प्रभावाने मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन ई२ हे रसायन तयार होते आणि ते हायपोथॅलॅमस या मेंदूतील तापमान सांभाळणाऱ्या केंद्राच्या पुढच्या भागातील चेतापेशींवर परिणाम करून तापमानाची ठरलेली पातळी वर सरकवते. थर्मामीटर ३८ अंश दाखवत असताना मेंदूला ३९.५ अंश हवे असतात. म्हणूनच अंग तापलेले असूनही रुग्णाला हुडहुडी भरते, हातपाय गार पडतात आणि तो पांघरूण ओढून घेतो.

त्याच सुमारास उलट दिशेचे कामही सुरू होते, आणि ते ताप चढण्याइतकेच विलक्षण आहे. मूत्रपिंडांकडून पाणी राखून ठेवणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मेंदूच्या सेप्टल भागात स्रवते, तेव्हा ते ताप रोखते. प्रसूती जवळ आलेल्या मेंढ्यांना जिवाणूंचे विष टोचूनही नेहमीसारखा ताप येत नाही, असे प्रयोगांत दिसले आणि संशोधकांनी त्याचा संबंध याच संप्रेरकाशी जोडला. त्वचेच्या रंगाशी निगडित असलेले अल्फा-एमएसएच हे संप्रेरकही मेंदूत तापविरोधी काम करते. शिवाय इंटरल्युकिनची चाहूल लागताच हायपोथॅलॅमस मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीमार्फत मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवायला लावतो, आणि ते कॉर्टिसॉल इंटरल्युकिनचीच निर्मिती कमी करते. ताप पेटवणारा निरोपच अशा रीतीने त्याला विझवण्याची व्यवस्थाही करून ठेवतो. पातळी पुन्हा खाली आली की त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, दरदरून घाम फुटतो आणि ताप उतरतो.

उष्माघातात मात्र हा आवर उपयोगी पडत नाही. तिथे मेंदूने पातळी वाढवलेलीच नसते. बाहेरची किंवा श्रमाची उष्णता शरीराच्या ती बाहेर टाकण्याच्या क्षमतेपेक्षा वरचढ ठरते आणि तापमान ४१ अंशांच्याही पुढे जाऊ शकते. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखून ताप उतरवते, त्यामुळे उष्माघातात ते निरुपयोगी ठरते. अशा रुग्णाचे शरीर पाण्याने आणि वाऱ्याने ताबडतोब थंड करत त्याला रुग्णालयात पोचवावे लागते.