छिद्र बारीक असून भागत नाही

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या वर्कशॉपमध्ये सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशिनवर धातू कापताना टूलवर दुधाळ कूलंटची, म्हणजे टूल थंड ठेवणाऱ्या द्रवाची, धार अखंड पडत असते. त्यात पाणीच जास्त. तेल साधारण ५ टक्के आणि ते पाण्यात मिसळून राहावं म्हणून इमल्सिफायर. काही महिन्यांनी कूलंटला वास मारू लागला की ते बदलावं लागतं. मग त्याचं करायचं काय? सांडपाणी नदीनाल्यात सोडायचं तर तेल-ग्रीस लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आत हवं, असा आपला नियम आहे.

सुटं तेल तरंगतं, वरून काढता येतं. कूलंटमधले थेंब मात्र मायक्रॉन-दोन मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कित्येक त्याहूनही बारीक. टाकी आठवडाभर तशीच ठेवली तरी ते वर येत नाहीत.

म्हणून अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे दाब देऊन द्रव मेंब्रेनमधून, अतिबारीक छिद्रांच्या पडद्यातून, गाळणं. या मेंब्रेनची छिद्रं ०.१ मायक्रॉनहून लहान असतात. थेंब मोठा, छिद्र लहान, म्हणजे काम झालं असं वाटतं. पण तेलाचा थेंब वाळूच्या कणासारखा कडक नसतो. दाब वाढला की तो लांबट होऊन छिद्रात घुसतो. त्याला अडवून धरतो तो तेल-पाण्याच्या सीमेवरचा ताण. पाण्याने पूर्ण भिजणाऱ्या मेंब्रेनचं ०.१ मायक्रॉनचं छिद्र घेतलं आणि हा ताण मीटरला २५ मिलिन्यूटन असला, तर थेंब आत ढकलायला सुमारे १० बार दाब लागतो. इमल्सिफायरमुळे ताण ५ वर आला की २ बार पुरतात! पाणी हळू येतंय म्हणून पंपाचा दाब वाढवत नेणं इथे घातक ठरतं, ते यामुळेच.

म्हणूनच माझ्या मते छिद्राच्या मापाइतकाच मेंब्रेनचा पृष्ठभाग महत्त्वाचा. त्याला पाणी प्रिय हवं. माशाच्या खवल्यांवर पाण्याखाली तेल चिकटत नाही, कारण त्यांच्या सूक्ष्म खडबडीत पृष्ठभागात पाणी अडकून राहतं. चिनी संशोधकांनी २००९मध्ये हे दाखवलं आणि पुढे जाळीवर हायड्रोजेलचा (पाणी धरून ठेवणाऱ्या जेलचा) थर देऊन तेल अडवून पाणी खाली सोडलं. ती जाळी सुट्या तेलासाठी ठीक. कूलंटसाठी तिची भोकं फार मोठी.

तरीही मेंब्रेनवर तेलाचा थर साचतोच. त्यासाठी कूलंट पृष्ठभागाला समांतर वेगाने फिरवत ठेवतात आणि अधूनमधून रसायनांनी धुतात. मागे घट्ट, तेलकट द्रव उरतो, पलीकडे स्वच्छ दिसणारं पाणी येतं. त्यात विरघळलेली रसायनं तशीच असतात. ते नाल्यात सोडण्याआधी जैविक प्रक्रिया करावीच लागते.