भरती वेगळी, उधाण वेगळे

‘समुद्राला उधाण आले’ हे वाक्य पावसाळ्यात कधी भरतीसाठी, तर कधी वादळी लाटांसाठी सर्रास वापरले जाते. लहान होडीतून किनाऱ्यालगत गळ टाकायला जाणाऱ्याला मात्र ही सरमिसळ परवडत नाही.

भरती रोजची असते. कोकण किनाऱ्यावर पाणी दिवसातून साधारण दोनदा चढते आणि दोनदा उतरते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जात असल्यामुळे उद्याची भरती आजच्यापेक्षा पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा जुन्या लोकांचा हिशेब त्यावरच बेतलेला आहे: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पण या हिशेबाने पाणी केव्हा चढेल एवढेच कळते, किती चढेल ते कळत नाही.

ते उधाणावरून कळते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत भरती सर्वांत उंच चढते; हेच उधाण. अष्टमीच्या पुढेमागे ही ओढ काटकोनात असते, तेव्हा येतो तो भांग. मुंबईला उधाणात भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत सरासरी साडेतीन मीटरांहून अधिक अंतर पडते, भांगाला ते दीड मीटरच्या आसपास राहते. उधाणाची ओहोटीही तितकीच खोल जाते, ही गोष्ट नवखा माणूस हमखास विसरतो.

मी विसरलो होतो. द्वितीयेला दीडची भरती आहे एवढेच पाहून आम्ही पहाटे पाचला निघालो आणि सहाच्या सुमारास खाडीच्या तोंडाशी, जिथे आठवड्यापूर्वी भांगाच्या ओहोटीतही वल्ही तळाला लागली नव्हती, तिथेच होडीचा तळ वाळूवर खरखरला. आजूबाजूला ओली वाळू उघडी पडत गेली. साडेसातला ओहोटी संपून पाणी पुन्हा चढेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.

मासेमारीतही हा फरक हाताला जाणवतो. तेवढ्याच वेळात कितीतरी अधिक पाणी आत-बाहेर करत असल्याने उधाणाला ओढ जबर असते, आणि ती भरती-ओहोटीच्या मधल्या दोन तासांत सर्वाधिक असते. अशा वेळी गळाचे शिसे तळ गाठण्याआधीच दोर तिरपा होऊन होडीमागे पसरतो. भांगाला तोच दोर जवळजवळ सरळ खाली जातो. म्हणून हातगळासाठी मला भांगाचेच दिवस पसंत आहेत. डोलीचे, म्हणजे एका जागी बांधून ठेवलेले पिशवीसारखे, जाळे लावणाऱ्यांचे गणित नेमके उलटे, कारण त्यांचे जाळे पाण्याच्या ओढीवरच भरते.

‘साडेचार मीटरच्या लाटा उसळणार’ या बातमीतील आकडा बहुतेक वेळा भरतीच्या पाण्याच्या पातळीचा असतो, लाटांच्या उंचीचा नव्हे. वारा पडलेला असेल, तर ऐन उधाणातही समुद्र सपाट असू शकतो. उलट भांगाच्या दिवशी वाऱ्याने खवळलेले पाणी लहान होडी उलटवू शकते. त्यामुळे निघण्यापूर्वी तिथी आणि भरतीची वेळ पाहावी, आणि वाऱ्याचा अंदाज त्यांहून वेगळा पाहावा.